अडसर हवा म्हणून पिशाच्च

भुताखेतांच्या गोष्टी लिहिणारा माणूस लहानपणी भुताखेतांच्याच गोष्टी ऐकत वाढला असणार, असा वाचकांचा एक सरळ समज असतो. मी तेरा ते सतरा या वयातल्या मुलामुलींसाठी कादंबऱ्या लिहिते आणि शाळांमध्ये किंवा वाचनालयांत बोलायला गेले, की मागच्या बाकावरून ‘तुम्ही भूत पाहिलंय का?’ हा प्रश्न हमखास येतो. मुलींचा प्रश्न मात्र निराळा असतो आणि तो सर्वांसमोर विचारला जात नाही. कार्यक्रम संपल्यावर, वहीवर सही घेण्याच्या निमित्ताने जवळ येऊन त्या विचारतात, की ज्यात नायक माणूस नसतो आणि तरीही नायिकेवर जिवापाड प्रेम करतो, अशी कादंबरी मराठीत का नाही? त्यांच्या मनात कोणते पुस्तक आहे, हे विचारावे लागत नाही. स्टेफनी मायर यांची ‘ट्वायलाइट’ ही कादंबरी ऑक्टोबर २००५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. पुढच्या तीन वर्षांत तिचे आणखी तीन भाग आले, चित्रपट निघाले, मालिकेच्या दहा कोटींहून अधिक प्रती खपल्या, आणि तेव्हा जन्मालाही न आलेल्या मुली आज ती फोनच्या पडद्यावर रात्र जागून वाचतात. या कादंबरीबद्दल समीक्षकांचे बोलून झालेले आहे आणि त्यांतले पुष्कळसे मला मान्यही आहे. माझे कुतूहल वेगळे आहे. किशोरवयीन मुलीची झोप उडवणारी ही गोष्ट लिहिणारीला सुचली कुठून, हे मला त्याच वयासाठी लिहिणारी म्हणून समजून घ्यावेसे वाटते.

मायर यांनी या कादंबरीची जन्मकथा अनेकदा सांगितली आहे. २ जून २००३ ची ती सकाळ. तारीख त्यांच्या पक्की लक्षात आहे, कारण त्याच दिवशी त्यांच्या मुलांचा पोहण्याचा वर्ग सुरू होणार होता. अ‍ॅरिझोना राज्यात राहणारी, तिशीला टेकलेली, तीन लहान मुलांची आई. विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकलेली, पण लग्नानंतर लिहिणे जवळजवळ सुटलेले. स्वप्नात त्यांना रानातली एक मोकळी जागा दिसली. तिथे एक साधीशी मुलगी आणि एक विलक्षण देखणा, अंगाला झळाळी असलेला व्हँपायर, म्हणजे रक्तपिशाच्च, बोलत होते. बोलण्याचा विषय होता त्यांची अडचण. दोघे एकमेकांच्या प्रेमात पडत होते आणि त्याच वेळी तिच्या रक्ताच्या गंधाने तो इतका व्याकूळ झाला होता, की तिला तिथल्या तिथे मारून न टाकण्यासाठी त्याला स्वतःला बळेच आवरावे लागत होते. जाग आल्यावर त्यांनी दिवसाची कामे कशीबशी उरकली आणि हे संभाषण विसरून जाण्याच्या आत लिहून काढले. कादंबरीत ते तेराव्या प्रकरणात येते. तिथून त्या शेवटापर्यंत लिहीत गेल्या, मग मागे वळून सुरुवातीची बारा प्रकरणे लिहिली, आणि ऑगस्ट संपता संपता पुस्तक हातावेगळे झाले. दिवसा मूल मांडीवर घेऊन आणि रात्री मुले निजल्यावर, असे ते लिखाण चाले. वाचक म्हणून त्यांची मोठी बहीण होती, आणि लिहिलेले बाहेर पाठवण्याचा आग्रहही तिचाच.

लेखकांच्या स्वप्नांवर मी सहसा विश्वास ठेवत नाही. पुस्तक गाजले की त्याला एक जन्मकथा लागते आणि स्वप्नाला साक्षीदार लागत नाही. मायर यांच्या सांगण्यावर मात्र माझा विश्वास बसतो, तो पोहण्याच्या वर्गामुळे. बनवून सांगणाऱ्याने वादळी रात्र निवडली असती. मुलांचे टॉवेल आणि डबे भरण्याची सकाळ निवडली नसती. शिवाय या स्वप्नात भयकथेला लागते ते काहीच नाही. कुणी कुणाच्या मागे धावत नाही, दार करकरत नाही, प्रेत उठत नाही. दोन माणसे उभी राहून बोलत आहेत आणि त्यांतला एक जण अतोनात कष्टाने हात मागे घेतो आहे, एवढेच. चार जाडजूड भागांची ही सगळी मालिका त्या आवरून धरण्यावर उभी आहे. मायर स्वतः सांगतात, की त्यांना भयकथांची आवड नव्हती. व्हँपायर त्यांच्याकडे आला तो भयाच्या वाटेने आलाच नाही.

याच्या बरोबर उलट उदाहरण याच परंपरेत आहे. अ‍ॅन राइस या अमेरिकी लेखिकेची लहान मुलगी १९७२ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेली. १९७६ मध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्या व्हँपायर कादंबरीत एक लहानगी मुलगी रक्तपिशाच्च होते आणि कधीच मोठी होत नाही. तिथे रक्त हा आजार आहे, अमरत्व ही शिक्षा आहे आणि सगळ्या पानांवर शोक पसरलेला आहे. मायर यांच्या पानांवर शोक नाही. तिथे मनाची चलबिचल आहे. म्हणून राइस प्रौढांच्या कपाटात राहिल्या आणि मायर मुलींच्या उशीखाली गेल्या.

स्वप्न, तरुण आई आणि ‘ट्वायलाइट’मधला सततचा पाऊस या तीन गोष्टी एकत्र आल्या, की मला १८१६ चा उन्हाळा आठवतो. आदल्या वर्षी इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता. त्याच्या राखेने आणि वायूंनी पृथ्वीचे हवामान बिघडले आणि युरोपात त्या वर्षी उन्हाळा असा आलाच नाही. जिनिव्हाच्या सरोवराकाठी एका बंगल्यात पावसामुळे अडकून पडलेल्या मंडळींत कवी बायरन होता, त्याचा तरुण डॉक्टर पॉलिडोरी होता, कवी शेली होता आणि पुढे त्याची पत्नी झालेली अठरा वर्षांची मेरी होती. तिचे पहिले मूल आदल्या वर्षी दगावले होते आणि दुसरे काही महिन्यांचे होते. प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहायची असे ठरले. मेरीला जागेपणी पडलेल्या स्वप्नातून ‘फ्रँकेन्स्टाइन’ सुचली, असे तिनेच पुढे १८३१ च्या प्रस्तावनेत लिहून ठेवले. पॉलिडोरीने बायरनच्या अर्धवट टाकलेल्या कथेवरून एक गोष्ट रचली आणि ती १८१९ मध्ये छापून आली. इंग्रजी कथावाङ्मयातला पहिला नाव घेण्याजोगा व्हँपायर तो. पूर्व युरोपातल्या लोकसमजुतींतला व्हँपायर म्हणजे फुगलेले, लालबुंद झालेले गावंढळ प्रेत होते. पॉलिडोरीने त्याला उमराव केले, फिकट आणि देखणे केले, बैठकीच्या खोलीत आणून बसवले आणि त्याच्या अंगावर सरळसरळ आपल्या मालकाचे, म्हणजे बायरनचे, वागणे चढवले.

इथे एक गंमत आहे, जी मला फार आवडते. बायरनच्या त्या घुम्या, घमेंडखोर, पोळलेल्या नायकाची मोहिनी पुढे इंग्रज कादंबरीकार ब्राँटी भगिनींवर पडली. शार्लटच्या ‘जेन एअर’मधला रॉचेस्टर आणि एमिलीच्या ‘वुदरिंग हाइट्स’मधला हीथक्लिफ हे त्याच घराण्यातले. मायर यांनी व्हँपायर कथा फारशा वाचल्या नव्हत्या, तरी ब्राँटी भगिनी भरपूर वाचल्या होत्या. त्यांच्या नायकाचे एडवर्ड हे नाव आले तेच मुळी शार्लट ब्राँटीच्या एडवर्ड रॉचेस्टरवरून आणि जेन ऑस्टिनच्या एडवर्ड फेरर्सवरून. म्हणजे बायरन त्यांच्यापर्यंत पोचला तो भयकथेच्या दाराने न येता प्रेमकथेच्या दाराने. पिशाच्चाचे दात तेवढे नंतर बसवले गेले.

या चार भागांच्या पाठीशी कोणती पुस्तके होती, हेही त्यांनी लपवलेले नाही. पहिल्या भागामागे ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ आहे, दुसऱ्यामागे ‘रोमिओ अँड ज्युलिएट’, तिसऱ्यामागे ‘वुदरिंग हाइट्स’ आणि चौथ्यामागे शेक्सपिअरची दोन सुखान्त नाटके. ही यादी वाचून अनेक प्राध्यापक कुत्सित हसले असतील. मी ती एका लेखिकेने आपल्या कारखान्याची किल्ली हातात दिल्यासारखी वाचते. या सगळ्या कृतींत समान काय आहे? प्रेम करणाऱ्या दोघांच्या मध्ये काहीतरी भक्कम उभे आहे. कुठे पैसा आणि खानदान, कुठे दोन घराण्यांचे वैर, आणि रॉचेस्टरच्या गोष्टीत तर माडीवर कोंडून ठेवलेली पहिली बायको. एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीकाराला अडसर शोधावा लागत नव्हता. समाज तो आयता पुरवत होता, आणि तो ओलांडता ओलांडता पाचशे पाने सहज भरत होती.

आता २००३ मधल्या अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय शाळेचा विचार करा. सतरा वर्षांच्या मुलीला वर्गातला एक मुलगा आवडतो. त्यालाही ती आवडते. पालकांची हरकत नाही, गाडी दाराशी आहे, शनिवारी सिनेमाला जाता येते. कादंबरी तिसऱ्या पानावर संपली. जिथे सगळी दारे उघडी आहेत तिथे उत्कंठा राहायला जागा उरत नाही. लेखिकेला असा एक अडसर हवा होता, की जो शाळेच्या समुपदेशकाला किंवा आईवडिलांना समजावून हटणार नाही, जो वयाबरोबर विरघळणार नाही आणि जो बाहेरच्या जगात नसून प्रियकराच्या अंगातच असेल. रक्ताची तहान ही सोय त्यासाठी आहे. मुलाला मुलगी हवी आहे आणि नेमक्या त्याच कारणासाठी त्याने तिच्या जवळ जाणे धोक्याचे आहे. स्वप्नाने मायर यांना व्हँपायर दिला असे सगळे म्हणतात. माझ्या मते स्वप्नाने त्यांना अडसर दिला, आणि व्हँपायर त्याचा वाहक म्हणून आला.

तो अडसर असा का होता, याचे उत्तर त्यांच्या जगण्यातही सापडते. मायर मॉर्मन पंथाच्या आहेत. दारू, तंबाखू, चहा आणि कॉफीसुद्धा वर्ज्य मानणारा, लग्नाआधीच्या संयमाला फार महत्त्व देणारा आणि मंदिरात विधिपूर्वक झालेले लग्न मृत्यूनंतरही अनंतकाळ टिकते असे मानणारा हा पंथ. आपण धर्म मुद्दाम गोष्टीत घातलेला नाही, असे त्या सांगतात, आणि ते खरेच असावे. मुद्दाम घातला असता तर मुलींनी पुस्तक दहाव्या पानावर मिटले असते. तरीही एडवर्डच्या घराकडे पाहावे. हे व्हँपायरांचे कुटुंब माणसाचे रक्त वर्ज्य मानते, जनावरांवर भागवते आणि या व्रताचा विनोदाने ‘शाकाहार’ म्हणून उल्लेख करते. चार मोह समोर असताना रोज नव्याने ‘नाही’ म्हणणारे ते घर आहे. नायक-नायिकेचे लग्न चौथ्या भागात होते आणि लग्नाआधी तोच तिला थांबवत राहतो. अंती मिळते ते अनंतकाळचे सहजीवन, तेही अक्षरशः. माणूस ज्या हवेत वाढतो ती हवा त्याने न सांगता त्याच्या वाक्यांत शिरते. आपल्याला जे व्हावे लागले आहे त्याहून वेगळे काही निवडता येते, ही मायर यांची आवडती कल्पना आहे, आणि त्यांच्या व्हँपायरांचा सारा नैतिक डोलारा याच कल्पनेवर उभा आहे.

यात मुलींसाठी काय आहे, हे मला टीकाकारांपेक्षा त्या वहीवर सही घेणाऱ्या मुलींनी जास्त शिकवले. तेरा-चौदाव्या वर्षी पुरुषाच्या इच्छेचे भय आणि आकर्षण एकाच वेळी जाणवू लागते. बसमधल्या नजरा कळू लागतात, घरातून सूचना सुरू होतात, आणि त्याच वेळी कुणीतरी आपल्याकडे पाहावे असेही वाटत असते. अशा वयात एक नायक भेटतो, जो उघड कबूल करतो, की मी धोकादायक आहे, आणि मग तीन भाग स्वतःच्या धोक्यापासून तिला वाचवण्यात घालवतो. इच्छा त्याची, आवरण्याची जबाबदारीही त्याचीच. ही वाटणी प्रत्यक्षात किती मुलींच्या वाट्याला येते? ती न येणे हाच या कथांचा खरा भूगर्भ आहे, असे मला वाटते.

याची दुसरी बाजू मी मुलींना सांगते आणि सांगत राहीन. हाच नायक तिला न कळवता रात्री खिडकीतून तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली पाहत बसतो. तिने कुठे जावे, कुणाला भेटावे हे ठरवू पाहतो. दुसऱ्या भागात तो सोडून गेल्यावर नायिकेला जगण्याचा अर्थच उरत नाही. शिवाय तो १९०१ मध्ये जन्मलेला आहे. १९१८ च्या फ्लूच्या साथीत शिकागोमध्ये मरणाच्या दारात असताना त्याचा व्हँपायर केला गेला. (ती साथ आपल्याकडेही आली होती आणि मराठीत तिला मानमोडी म्हणत.) शंभरी गाठत आलेल्या पुरुषाने अकरावीतल्या मुलीवर पाळत ठेवणे हे प्रेमाचे लक्षण म्हणून वाचले जाणार असेल, तर लेखिकेने तिथे थोडे थांबायला हवे होते. संयमाच्या प्रेरणेतून नियंत्रण कधी उगवले, हे बहुधा त्यांना लिहिताना दिसले नाही. मुलगा आणि मुलगी यांच्या भूमिका उलट करून त्यांनी २०१५ मध्ये हीच गोष्ट पुन्हा लिहिली, त्यामागे नायिका दुबळी आहे आणि तिला सतत वाचवावे लागते, हा आक्षेप खोडून काढण्याचा हेतू होता. मला ते उत्तर पुरेसे वाटत नाही.

स्वप्नाइतकीच महत्त्वाची दुसरी प्रेरणा जागेची आहे, आणि ती फारच व्यवहारी पद्धतीने आली. व्हँपायरांना ऊन नको म्हणून मायर यांनी अमेरिकेतले सर्वांत जास्त पावसाचे ठिकाण इंटरनेटवर शोधले. वॉशिंग्टन राज्याच्या पश्चिम टोकाला ऑलिंपिक द्वीपकल्पावर, गर्द रानाने वेढलेले, तीन हजारांच्या आसपास वस्तीचे, लाकूडतोडीवर जगलेले फोर्क्स नावाचे छोटे गाव सापडले. पुस्तकाचे पहिले नावही तेच होते. लिहून होईपर्यंत त्यांनी ते गाव पाहिलेले नव्हते. त्या तिथे गेल्या २००४ च्या उन्हाळ्यात. वर्षाला सात-आठ इंच पाऊस पडणाऱ्या फिनिक्सच्या रखरखाटात बसून शंभर इंचांहून अधिक पावसाचे गाव लिहिले गेले. आकडा कोकणातल्या वाचकाला नवलाचा वाटणार नाही, पण आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. फोर्क्सचा पाऊस शरदापासून वसंतापर्यंत भुरभुरत राहतो, शेवाळ झाडांच्या फांद्यांवरून लोंबत असते आणि आकाश आठवडे-आठवडे राखाडी असते. जिथे ऊन हा रोजचा जाच आहे तिथल्या बाईने सावलीचे स्वप्न इतक्या असोशीने लिहावे, हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

उन्हाची बाब आणखी मजेची आहे. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीत ड्रॅक्युला दिवसाही लंडनमध्ये हिंडतो. उन्हात त्याचे बळ फक्त कमी होते. सूर्यकिरणांनी व्हँपायर नष्ट होतो ही कल्पना रूढ झाली ती १९२२ मधल्या मुर्नाऊच्या जर्मन मूकपटापासून. मायर यांनी तिसराच मार्ग काढला: त्यांचा व्हँपायर उन्हात मरत नाही, हिऱ्यासारखा चमकतो, आणि चमकल्यामुळे ओळखला जाईल म्हणून ढगांच्या आड राहतो. भयकथेच्या निष्ठावंतांनी या चमचमण्याची यथेच्छ टिंगल केली. स्वप्नात दिसलेला एक तपशील सोडायचा नाही म्हणून तिने अख्खा पिशाच्चधर्म बदलला, अशी ती टिंगल होती. लेखिकेच्या जागी उभे राहिले तर हीच गोष्ट अभिमानाची आहे. शास्त्र वाचलेले नसल्याने तिला ते मोडण्याची भीती नव्हती.

पण न वाचण्याचा तोटा दुसरीकडे झाला. फोर्क्सची माहिती काढताना मायर यांना जवळच्या ला पुश इथल्या क्विल्यूट या आदिवासी जमातीची माहिती मिळाली. आपले पूर्वज लांडग्यांपासून माणूस झाले, अशी या लोकांची उत्पत्तिकथा आहे. तिच्यावरून मालिकेतले लांडग्याचे रूप घेणारे तरुण आले आणि प्रेमाच्या त्रिकोणाचा तिसरा कोन मिळाला. खरी जमात हजारभर लोकांच्या आतबाहेरची. तिची राखीव जमीन तेव्हा एका चौरस मैलाच्या आसपास, समुद्राला लागून, त्सुनामीच्या टापूत. तिची भाषा बोलणारे जवळजवळ उरलेले नाहीत. जगभरातल्या वाचकांनी त्यांना ओळखले ते व्हँपायरांचे वैरी म्हणून. सिअॅटलच्या बर्क म्युझियमने पुढे जमातीच्या सहकार्याने खरे काय आणि कादंबरीतले काय, याची मांडणी करणारा प्रकल्प केला. २०१२ मध्ये अमेरिकी संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानातली काही उंचावरची जमीन जमातीला मिळाली आणि गाव वर हलवण्याची सोय झाली. कुणाची उत्पत्तिकथा ही कच्चा माल नसते, हे मी इथे बसून सहज म्हणू शकते. माझ्या परसातल्या कथा मी कुणाच्या म्हणून उचलणार आहे, हा प्रश्न मात्र मलाही चुकत नाही.

आता त्या मुलींच्या प्रश्नाकडे यायला हवे. मराठीत भयकथा नाही असे नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी तिला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. अमानवी जिवाशी प्रेम हेही आपल्याला नवे नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पुरूरवा आणि उर्वशी यांचा अठरा ऋचांचा संवाद आहे. सोडून गेलेल्या अप्सरेची तो विनवणी करतो आणि ती त्याला सांगते, की स्त्रियांशी सख्य होत नसते, त्यांची हृदये रानटी लांडग्यांची असतात. शतपथ ब्राह्मणात याच कथेला अटी जोडलेल्या आहेत: तो तिला नग्न दिसता कामा नये. गंधर्व तिची कोकरे पळवतात, तो तसाच अंथरुणातून धावतो, वीज चमकते आणि अट मोडते. शेवटी तिच्यासाठी तो स्वतः गंधर्व होतो. मी धोकादायक आहे हा इशारा, न ओलांडायची रेघ आणि अखेरीस माणूसपण सोडणारा प्रियकर, हे सगळे तिथे आधीच आहे. फरक एवढाच, की तिथे लांडग्याचे हृदय तिचे आहे आणि अट घालणारीही तीच आहे. मला ही मांडणी मायर यांच्या मांडणीपेक्षा अधिक आवडते.

आपल्या लोकसमजुतींत तर किशोरवयीन भूतसुद्धा तयार आहे. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत जो मुलगा मेला तो मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. पुण्यात त्याच्या नावाचा बोळ आहे, गावोगाव त्याची ठाणी आहेत. मराठी भुतांची सगळी वर्गवारीच अशी आहे: बाळंतपणात गेली ती आलवंतीण, धनात किंवा वंशात वासना अडकून गेला तो समंध. कुणाचे काय राहून गेले, यावरून त्याचे नाव ठरते. मुंजाचे राहून गेले ते नेमके तारुण्य. मायर यांना स्वप्न पडावे लागले. आपल्याकडे तो चारशे वर्षे पारावर बसून असेल. तरीही त्याच्यावर प्रेमकथा लिहायला बसले, की मला एक अडचण येते आणि ती साहित्यिक नाही.

मायर यांना अडसर निर्माण करावा लागला. मला तो हटवता येत नाही. माझ्या वाचक मुलीच्या आणि तिला आवडणाऱ्या मुलाच्या मध्ये जात उभी असते, आडनाव उभे असते, भावाचा मित्रपरिवार उभा असतो, आणि त्या अडसराला ओलांडल्याबद्दल मुलामुलींचे जीव गेल्याच्या बातम्या याच महाराष्ट्रातून येतात. जिथे प्रियकराच्या हातून मरण येण्याची गोष्ट रोमांचक वाटते, तिथली मुलगी घरी सुरक्षित असते, हे या प्रकाराचे न लिहिलेले गृहीतक आहे. त्यातच मुंजा म्हटला की मुंज आली, मुंज म्हटली की जात आली. म्हणजे माझे पिशाच्चसुद्धा जातीसकट मेलेले आहे. त्याला नुसता देखणा आणि एकाकी करून पिंपळावर बसवले तर मी तेच करीन, जे क्विल्यूट लोकांच्या लांडग्यांचे झाले: कथा उचलायची आणि तिच्या मालकाची हकीकत गाळायची.

म्हणून सध्या जे लिहिते आहे त्यात मी उर्वशीचा धडा घेतला आहे. अट मुलगी घालते. ती ज्या वस्तीतली आहे त्या वस्तीतल्या लोकांना एकेकाळी त्या पाराला शिवायची बंदी होती, आणि मुंजाला ती बंदी अजून उठलेली माहीत नाही, कारण तो त्याआधी मेला. त्यामुळे पहिल्या भेटीत दचकतो तो तो, ती नाही. त्याला पिंपळाच्या सावलीबाहेर येता येत नाही आणि तिला सावलीत जायचे नाही, कारण त्याने आधी जिवंत असताना काय पाहिले आणि काय पाहून गप्प बसला, हे सांगावे अशी तिची अट आहे. तो सतराचा न राहता चौदाचा ठेवावा लागला, कारण पूर्वी मुंजी लवकर होत; मग नायिकाही आठवीत आणली आणि प्रेमाची भाषा त्या वयाला झेपेल एवढीच ठेवली. संध्याकाळी सावली लांबत जाऊन रस्ता ओलांडते आणि तिच्या शिकवणीच्या दारापर्यंत पोचते, एवढी सवलत मी त्याला दिली आहे. पावसाळ्यात ढगांमुळे सावलीच पडत नाही, तेव्हा त्याचे काय होते, हे अजून ठरवायचे आहे. फोर्क्सचा प्रश्न नेमका उलटा होऊन माझ्यासमोर आला आहे, आणि जून ते सप्टेंबरची प्रकरणे त्यासाठी तूर्त कोरी ठेवली आहेत.